कितीत एक?

"पाठमोरे व्हा जी जरा."

भाऊंचं कुणालाही पहिलं वाक्य हेच. रामराम नंतर. समोरचा ओळखीचा असो की परका, शाळेचा हेडमास्तर असो की बाजारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकणारी बाई, भाऊ आधी त्याच्या टाचा बघायचे. टाचेच्या वर, मागच्या बाजूला जी जाड शीर असते ना, ती. चेहऱ्याचं त्यांना फारसं काम नसे. आमची ओळख होऊन वर्ष झालं होतं, तरी एकदा सिंदेवाहीच्या बाजारात मी समोर उभी असताना त्यांनी मला ओळखलं नाही. मी रागानं वळून चालायला लागले, तर मागून हाक आली, "अरे, बाई तुमी होय!"

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. एकाच गोष्टीनं झपाटलेली. आपण त्यांना हसतो आणि ती का झपाटली हे विचारायचं राहून जातं. मीही आधी हसलेच होते. मी आमच्या भागातल्या एका दवाखान्यात रक्त तपासते. सुईपेक्षा माझी जीभ जास्त टोचते असं तिथले लोक म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

भाऊ धान संशोधनाच्या शेतावर रोजंदारीला होते. काम मोजण्याचं. लोखंडी सळीची एक चौकट असते, हातभर लांब, हातभर रुंद. बांधीकडं, म्हणजे धानाच्या खाचराकडं, पाठ करायची, चौकट खांद्यावरून मागं टाकायची आणि ती पडेल तिथले फुटवे मोजायचे. पंचवीस वर्षं त्यांनी तेच केलं. "पाहून टाकली का माणूस चांगल्याच धानात टाकते जी," ते सांगायचे, "म्हणून पाठ करा लागते." याशिवाय त्यांची नजर भेसळीला पक्की. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून अख्ख्या बांधीतलं एक परक्या वाणाचं रोप ते लांबून दाखवायचे. तिथले साहेब लोकही त्यांना विचारून पुढं जात.

ते पहिल्यांदा माझ्याकडं आले तेव्हा त्यांच्या कडेवर चार वर्षांची नात होती, चैताली. मुलीच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, बोटांच्या बेचक्यांत पिवळसर गाठी होत्या. घरच्यांनी त्या चामखिळी समजून त्यावर बिबा लावला होता. कातडी भाजली, गाठी राहिल्या. आमच्याकडच्या तरुण डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी रक्तातलं कोलेस्टेरॉल बघायला लिहून दिलं.

यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. त्याच्या मर्यादेपलीकडं काहीतरी होतं. मी म्हटलं, रसायन बिघडलं. चार वर्षांच्या लेकराला कुठलं आलंय कोलेस्टेरॉल! ते तूप खाऊन सुटलेल्या सावकाराला होतं, ही माझी समजूत. मी कागदावर लिहिलं, 'नमुना खराब, पुन्हा आणावा.' भाऊंनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि "हव जी" म्हणून गेले.

पुढं रोवणी आली. मग निंदण, मग कापणी. ते पुन्हा आले तेव्हा पाच महिने झाले होते. या वेळी मी नमुना पातळ करून लावला, शेजारी माझं स्वतःचं रक्त लावलं. माझं बरोबर आलं. तिचं पुन्हा तेच. खराब नमुना नव्हताच, खराब माझी अक्कल होती. हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "चालते जी, बाई. यंत्राले का कळते." यंत्राचा दोष नव्हता हे सांगायचं धाडस मला दुसऱ्यांदा झालं नाही.

डॉक्टरांनी आजोबा-नातीला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथून भाऊ परत आले ते सरळ माझ्याकडं. तिथल्या डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं होतं, पण भाऊंना ते पुन्हा एकदा आपल्या माणसाकडून ऐकायचं होतं. मी सांगितलं, की रक्तातली चरबी उपसून टाकायचं काम शरीरात एक जनुक करतं. ते बिघडलेलं असलं की चरबी रक्तातच साठते. खाण्यापिण्याचा दोष नाही, ते जन्मतःच येतं. एका बाजूनं आलं तर माणूस चाळिशीपर्यंत धडधाकट दिसतो. दोन्ही बाजूंनी आलं तर गाठी बालपणीच दिसतात, आणि हृदयाला फार वेळ मिळत नाही.

"म्हंजे दोन्हीकडून तेच बी आलं," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.  चैताली त्यांच्या मुलीची मुलगी. आणि मुलगी त्यांनी दिली होती सख्ख्या बहिणीच्या मुलाला. आपल्याकडं मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क असतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. भाऊंच्या बायकोला मात्र हे स्थळ नको होतं. भाऊंनीच हट्ट धरला होता की पोरगी लांब नको, बहिणीच्या घरात सुखी राहील. बहिणीचं घर त्यांच्या घराला लागूनच, आणि चैताली वाढली ती आजोबांच्याच चुलीवर. त्यांचे दोन भाऊ चाळिशीच्या आसपास छातीत कळ येऊन बसल्या जागी गेले होते. गाव म्हणायचं, त्या घरावर देव रुसला. कोंबडी कापून झाली, बकरं कापून झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी भाऊंना पाठमोरं उभं केलं आणि त्यांच्या टाचेवरची जाड, गाठाळ शीर चिमटीत धरून दाखवली. भाऊंना वाटायचं, जन्मभर चिखलात उभं राहून ती तशी झाली. बहिणीचीही तशीच निघाली, जावयाचीही.

"मीच लावलं जी हे लग्न," ते माझ्या टेबलाकडं बघत म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कितीत एक?"

मी म्हटलं, एका बाजूनं आलेला बिघाड काही फार दुर्मिळ नाही, पुस्तकात दोन-तीनशेंत एक वगैरे देतात. दोन्ही बाजूंचा लाखांत एखादा.

"ते पुस्तकातलं झालं. आपल्या इकडं कितीत एक?"

"आपल्याकडं कुणी मोजलेलं नाही, भाऊ."

त्यांचा विश्वास बसेना. "मोजलंच नाई? आमी एका वाणाच्या धानाचे फुटवे चार चारदा मोजतो. माणसं काऊन नाई मोजली कोनी?"

 

आता नुसत्या कुतूहलापायी कुणी एवढा जीव आटवत नाही. गोष्ट अशी होती, की नागपूरनं चैतालीला दोन गोळ्या लिहून दिल्या होत्या. एक भारी, ती बाहेरून विकत आणावी लागे, आणि ज्या महिन्यात मजुरी नसे त्या महिन्यात आणली जात नसे. दुसरी आमच्याकडं फुकट मिळे, पण ती मोठ्या माणसांना नोंदवहीत नाव घालून जे कार्ड देतात त्यावर. त्या नोंदवहीत लहान मुलांना जागाच नव्हती. डॉक्टरांनी वर पत्र लिहिलं. उत्तर आलं की एका रुग्णासाठी वेगळी सोय करता येत नाही, आपल्या भागात अशी मुलं, अशी कुटुंबं किती आहेत ते कळवावं. भाऊंनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्यांना त्यातून एकच कळलं, की पुरेशी माणसं मोजून दाखवली तर नातीची गोळी येईल. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

मग भाऊ सुटले.

लग्नाच्या पंगतीत ते जेवायला बसेनात. ओळीच्या मागून वाढप्यासारखे फिरत. माणसं मांडी घालून बसली की टाचा दिसत नाहीत, म्हणून ते हात धुवायच्या जागेवर जाऊन उभे राहत. तिथं माणूस उकिडवा बसतो आणि शीर ताणून दिसते. वर विचारपूस, "तुमचे बाबा कवा वारले जी? कायनं वारले?" नवरीकडच्या लोकांना वाटे, हा कुठला अपशकुनी माणूस, मंगलाच्या दिवशी मेलेल्यांची चौकशी करतो. बाजारात एका बाईनं पायातली चप्पल काढून त्यांच्यापुढं धरली. भाऊ शांतपणे म्हणाले, "माय, चप्पल राहू दे, टाचच पाहू दे." ती बाई हसायला लागली आणि तिनं खरोखर टाच दाखवली. तिची शीर बारीक निघाली. भाऊंनी तिलाही आपल्या मोजणीच्या वहीत धरलं. "बिन-गाठीचे बी लिहा लागते," ते म्हणाले, "नाईतर कितीत एक हे कसं कळंल?"

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. आमच्याकडं सिकलसेलचं नाव घरोघरी माहीत. तपासण्या होतात, कार्डं मिळतात, लग्न जुळवताना दोन्ही घरची कार्डं बघतात. भाऊंनी रक्तातल्या आनुवंशिक आजाराचं नाव काढलं की लोक पेटी उघडून कार्ड आणून दाखवत. "आमचं सगळं बरोबर हाय, भाऊ. हे पाहा, सई-शिक्का." आता ते कार्ड वेगळ्या आजाराचं, आणि हे त्यांना पटवायचं कसं? ज्याच्या टाचेवर बोराएवढी गाठ आहे तो माणूस कार्ड नाचवत हसतो, आणि भाऊ त्याच्यापुढं हात जोडून उभे. "दादा, एकडाव रक्त दे. मी घेऊन जातो तुले, मीच आणून सोडतो." खुद्द चैतालीच्या आईबापांनीही लग्नाआधी तेच कार्ड जुळवलं होतं. ते अगदी जुळलं होतं.

ज्यांना त्यांनी आणलं, त्यांचं रक्त डॉक्टरांच्या परवानगीनं मी तपासलं. भाऊंची नजर क्वचितच चुकली. प्रत्येक आकड्याला ते विचारायचे, "जास्त?" मी म्हणायची, "जास्त." त्यांच्या तोंडावर आधी समाधान दिसायचं आणि मग त्याचीच लाज वाटून ते मान खाली घालायचे. समोर बसलेला माणूस मरणाच्या वाटेवर आहे आणि आपल्याला बरं वाटतंय, हे त्यांना कळायचं. मलाही ते बघवत नसे.

एकदा मी म्हणून गेले, "भाऊ, तुम्ही आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांत मोजता. तिथं सापडणारच. याला तालुक्याचा हिशेब म्हणत नाहीत."

ते चरकले. पंचवीस वर्षं पाठ करून चौकट टाकणारा माणूस, आणि नातीच्या बाबतीत तो बघून बघून टाकत होता. "खरं हाय," ते म्हणाले, "चांगल्याच धानात टाकली मी."

त्यांनी ती वही बाजूला ठेवली. दोन वर्षांची मेहनत होती ती. दुसऱ्या दिवशी नवी वही घेतली आणि गावाच्या वेशीवर उभे राहून, पाठ करून, डोक्यावरून खडा मागं टाकला. खडा पडला त्याच्या जवळच्या घरापासून सुरुवात. घर कुणाचंही असो, कुठल्याही जातीचं, मुसलमानाचं, गोंडाचं, पाटलाचं. एटापल्लीपर्यंत गेले. एसटीतून उतरायचं आणि खडा टाकायचा. पोरं मागं लागायची, वेडा आला म्हणायची. सुट्टीच्या दिवशी, आणि एरवी मजुरी बुडवून हा उद्योग. घरात बायको बोलेनाशी झाली होती. तेल त्यांनी आधीच बंद केलं होतं, कुणीतरी सांगितलं म्हणून. उकडलेला भात, मिठाची भाजी. चैताली ताटावर बसून रडायची. मी ओरडले, की अहो, तेलानं यात काही होत नाही, पोरीला फोडणीचं खाऊ द्या. तेव्हा कुठं घरात पुन्हा फोडणीचा वास आला.

नवी वही झाली. तिच्यातला आकडा मी इथं लिहीत नाही. खडा टाकून काढलेला आकडा, निम्म्या लोकांनी रक्त दिलंच नाही. तो छापून मिरवण्याजोगा नव्हता. पण पुस्तकातल्यापेक्षा तो वेगळा दिसत होता आणि त्यानं मला झोप लागली नव्हती.

आम्ही दोघं वही घेऊन जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत गेलो. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, त्यांनी चहा मागवला. वही चाळली. मग विचारलं, "ही पाहणी करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोनी नाई जी. पत्रात होतं, किती हाय ते कळवा."

"ते दवाखान्याला होतं. परवानगी आहे का? लोकांचं रक्त असं कुणीही तपासतं का?" शेवटचा प्रश्न विचारताना ते माझ्याकडं बघत होते.

मी बोलायला हवं होतं. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, एवढं तरी. पण ते डॉक्टर तोवर बदलून गेले होते, कागदावर काही नव्हतं, आणि माझी नोकरी पेन्शनच्या तोंडाशी आलेली. माझी ती टोचणारी जीभ टाळ्याला चिकटून बसली. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला वाचवायला तेच पुढं झाले. "माह्याच डोक्यातलं हाय सगळं. साहेब, धान मोजाले परवानगी लागत नाई."

"माणसं म्हणजे धान नव्हे."

"तेच म्हणून राह्यलो ना जी मी."

वही साहेबांनी ठेवून घेतली. अभ्यास करून कळवतो म्हणाले. कळवलं नाही. परतीच्या गाडीत मी त्यांची क्षमाही मागितली नाही.

त्यानंतरची गोष्ट मला सांगावीशी वाटत नाही, पण ती सांगितल्याशिवाय भाऊ कसे होते हे तुम्हाला कळणार नाही. दर तीन महिन्यांनी आजोबा-नात तपासणीला येत. भाऊंच्या कार्डावर त्यांची स्वतःची, तीच फुकटची गोळी चालू होती. तरी त्यांचा आकडा हलत नव्हता. मी खेकसायची, "भाऊ, गोळी घेता ना रोज?" ते म्हणायचे, "घेतो ना जी." चैतालीचा आकडा मात्र थोडाथोडा उतरत होता, भारी गोळी महिनोन्महिने बंद असतानाही. एकदा ते पाणी प्यायला बाहेर गेले, आणि मी पोरीला विचारलं, "तू कुठली गोळी घेतेस गं?"

"आबाची," ती म्हणाली. "आबा म्हणते, मले कडू लागते, तूच खा."

मी ते कुणाला सांगितलं नाही. नवीन डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी भाऊंचं कार्ड थांबवलं असतं, किंवा कान उपटले असते. मुलीचा आकडा उतरत होता. मी दोन आकडे समोरासमोर लिहायची, एक उतरणारा आणि एक न हलणारा, आणि सही करायची. काय चाललंय हे मला पक्कं कळत होतं. त्यांनाही माहीत होतं की मला कळलंय. तेव्हापासून मी त्यांना गोळीचं विचारणं बंद केलं.

मागच्या दिवाळीच्या आधी, धान पिवळं पडलं होतं तेव्हा, भाऊ भर दुपारी शेतावरच गेले. धुऱ्यावर बसलेले सापडले. चौकट बांधीत पडलेली होती, तिथले फुटवे मोजायचे राहिले होते. पन्नाशी गाठलेले ते त्यांच्या घरातले पहिलेच पुरुष. लोक म्हणाले, देवानं बरं मरण दिलं, त्रास नाही झाला. मी मयतीला गेले होते. तिथं त्यांच्या बायकोनं माझा हात धरून विचारलं, "बाई, गोळी तं घेत होते ना ते?" मी हो म्हटलं. ते खोटं माझ्या खात्यावर राहील.

दीड महिन्यानं चैताली आईबरोबर तपासणीला आली. आई खिडकीवर कागद करायला थांबली आणि पोरगी एकटीच आत येऊन स्टुलावर बसली. दहाव्या वर्षी तिला काही सांगावं लागत नाही. बाही वर करते, शीर कुठली चांगली आहे ते स्वतःच दाखवते. मी दंडाला पट्टा बांधता बांधता विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

"नाई. आबाचं कार्ड बंद झालं."

"आणि दुसरी?"

"ते बाबा आणते कवा कवा."

मी कापसानं कोपरावरची जागा पुसली. बिब्याचा डाग आणि त्याच्या शेजारी गाठ. तिनं सुईकडं बघितलंही नाही, ती माझ्याकडं बघत होती.

"मावशी, मी खिडकीवर पुसलं. म्हटलं, माह्या नावाचं कार्ड काढून द्या."

"मग?"

"ते म्हणे, हे कार्ड तीस वर्षं झाल्यावर निघते. मी दहाची हाओ. म्हंजे अजून वीस वर्षं." तिनं हिशेब बरोबर केला होता. "तवरी आबाचंच चालू ठेवा म्हणून तुमी सांगसान का त्याईले?"

रक्त नळीत येत होतं. मी तिला मूठ घट्ट धर म्हणाले. ती तिनं आधीपासूनच धरली होती.